जिवंत माणसाचं नाव

चिकपेटमधल्या चांदीच्या दुकानदाराने वाटी माझ्यापुढे ठेवली आणि कानडीत म्हणाला, "हेसरु सरी इदेया नोडी, मॅडम." नाव बरोबर आहे का बघा. मी बघितलं. वाटीच्या पोटावर सुबक देवनागरीत कोरलं होतं, चि. रघुनंदन.

नाव बरोबर होतं, माणूस चुकला होता. रघुनंदन हे माझ्या मोठ्या भावाचं नाव. दादा चाळिशी ओलांडलेला आहे, महादेवपुरात खानावळ चालवतो, आणि त्याच सकाळी मला फोन करून बारशाला किती माणसं येणार ते विचारत होता. बारसं होतं आमच्या धाकट्या भावाच्या, आशयच्या मुलाचं.

मला वाटलं, वाटी करायला टाकताना काहीतरी घोळ झाला असेल. दुकानाच्या पायरीवरूनच मी घरी वडिलांना फोन लावला.

"अण्णा, वाटीवर दादाचं नाव आलंय."

"दादाचं नाही, बाळाचं," अण्णा म्हणाले. "बाळाचं नाव रघुनंदन ठेवायचं ठरलंय. आत्या तू आहेस, तेव्हा कानात तूच सांगायचंस. वाटी जपून आण."

"आणि दादा?"

"त्याचं काय? त्याने त्या नावाचं स्वल्प तरी सोनं केलं का? सरी, ठेवतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागून हातगाडीवाला वाट सोडा म्हणून ओरडत होता, तेही मला ऐकू आलं नाही.

बाहेरच्या माणसाला यात चिडण्यासारखं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. माणूस गेला की त्याचं नाव मोकळं होतं. मग ते नातवाला नाहीतर पणतवाला मिळतं, आणि म्हाताऱ्या बायका डोळे पुसत म्हणतात, आला बघा परत. काका महादेवपुरात धडधाकट असताना पुतण्याला त्याचं नाव ठेवायचं, याचा अर्थ एकच. घराने काकाच्या नावाने आंघोळ केली.

आणि हा नियम अण्णांना ठाऊक नसेल, असं म्हणायचीही सोय नाही. त्यांनीच तो भोगलाय. त्यांचे आजोबा रघुनंदनशास्त्री जमखंडीकर हे मोठे गणिती. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणतात, त्यांचं अंकगणिताचं पुस्तक दोन पिढ्यांनी घोकलं, पुण्यात त्यांच्या नावाची एक गल्लीही आहे. अण्णा जन्मले तेव्हा शास्त्री हयात होते. म्हणून थोरला नातू असूनही अण्णांना ते नाव मिळालं नाही, त्यांचं सूर्यकांत ठेवलं. पुढे काही वर्षांत शास्त्री गेले, पण सूर्यकांत तर शाळेत जायला लागला होता. ही गोष्ट अण्णा अजून सांगतात, लोक थोडक्यात हुकलेली गाडी सांगतात तशी.

मग स्वतःला पहिला मुलगा झाल्याबरोबर त्यांनी ते नाव त्याच्या डोक्यावर ठेवलं.

दादाला गणित येत नव्हतं. कमी येत होतं असं नाही, येतच नव्हतं. जगात पुष्कळांना येत नाही आणि त्यांचं काही अडत नाही. पण त्या पुष्कळांचं नाव रघुनंदन जमखंडीकर नसतं. लग्न असो, मुंज असो, कुणीतरी पाहुणा त्याचा गाल ओढून विचारायचाच, "काय शास्त्रीबुवा, सतरा गुणिले तेवीस किती?" दादा पानावर हात आखडून बसायचा. पाहुणा हसायचा, अण्णाही हसायचे. घरी आल्यावर अण्णा हसत नसत. भिंतीवरच्या शास्त्र्यांच्या फोटोखाली दादाला उभं करून पाढे म्हणवून घेत, आणि तो चुकला की पट्टी. आमच्याकडे देवांना एक वेळ फुलं मिळत आणि शास्त्र्यांना दोन वेळा, त्यामुळे मार खाताना दादाला ताज्या मोगऱ्याचा वास यायचा. अजून त्याला मोगरा सहन होत नाही.

मला कुणी कधी गणित विचारलं नाही. मुलगी ना. मी सुटले. दातांची डॉक्टर झाले. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते, आणि माझं स्वतःचं मिटत नाही अशी आईची तक्रार असते.

दादा बारावीचं गणित धक्के मारत सुटला, अण्णांनी त्याला इंजिनिअरिंगला कोंबलं, तिथून तो दुसऱ्या वर्षी पळाला. तेव्हापासून अण्णा त्याचं नाव घेत नाहीत. "महादेवपुरा आला होता का?" असं विचारतात. मुलगा नव्हे, बसचा थांबा.

यंदा शास्त्र्यांची दीडशेवी जयंती. पुण्याच्या स्मृती समितीचे अध्यक्ष आमचे यशोवर्धनकाका, अण्णांचे चुलतभाऊ. ते बारशाला येऊन व्हिडिओ घेणार होते आणि समारंभात मोठ्या पडद्यावर दाखवणार होते, शास्त्र्यांचा वारस चिरंजीव रघुनंदन म्हणून. खानावळवाला रघुनंदन पडद्यावर दाखवण्यासारखा नव्हता. त्यापेक्षा तान्हं मूल बरं, त्याला काही येत नाही हे कुणाला कळत नाही.

वाटी घेऊन मी बनशंकरीला घरी गेले. अण्णा देवळात गेले होते. आशय पाळण्याच्या दोऱ्या बांधत होता. त्याची बायको आर्या मूल मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिने माझ्या हातातल्या वाटीकडे पाहून मान वळवली.

"तुम्ही दोघांनी नाव ठरवलंच नव्हतं का?" मी विचारलं.

"निहार ठरवलं होतं नं, ताई," आर्या म्हणाली. ती नागपूरची. "मी अण्णांना दोनदा सांगितलं. ते हो म्हणाले, आणि मग हे."

"आशय, तू काय म्हणालास?"

"ताई, त्यांचं वय बघ ना. आता हर्ट कशाला करायचं?" आशय दोरीच्या गाठीकडे बघत म्हणाला. "आम्ही ॲडजस्ट करू. कागदावर निहार लावू, घरात रघुनंदन म्हणू."

"म्हणजे दादा घरात मेला आणि कागदावर जिवंत?"

त्याने गाठ सोडून पुन्हा बांधली. हा माझा भाऊ ऑफिसात चाळीस माणसांवर साहेब आहे आणि घरात त्याला दोरीची गाठसुद्धा विचारून मारावी लागते.

आई स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मी वाटी तिच्यापुढे आपटली. "तू काही बोलणार आहेस की नाही?"

"बोलून काय झालंय ग आजवर?" आई म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "मी जेवणाचं काम त्याला दिलंय. पंगत खाली गाड्या लावायच्या जागेत बसेल. तेवढ्या निमित्ताने दिवसभर दारात तरी राहील."

"दारात. आत नाही."

"दारात," आई म्हणाली आणि नारळाची दुसरी वाटी घेतली.

मला तिचाही राग आला. आयुष्यभर या बाईने मुलाला मागच्या दाराने जेवू घातलं आणि त्यालाच धीर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून मी महादेवपुरात गेले. दुपारची गर्दी ओसरत होती. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पुण्या-नागपूरची पोरं शेवटचा भात मागत होती आणि दादा त्यांना हिंदीत दम देत वाढतही होता. इथे त्याला सगळे रघुअण्णा म्हणतात. मी आत जाऊन परातीशेजारी बसले. परातीत बारशाच्या घुगऱ्यांसाठी निवडायला हरभरे काढले होते. मी पर्समधून वाटी काढून त्याच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं.

त्याने हात पुसून वाटी उजेडात धरली. "छान कोरलंय," तो म्हणाला.

"दादा, मी काय सांगतेय कळतंय का तुला? ते तुला जमेत धरत नाहीयेत."

"आज कळलं तुला?" त्याने वाटी परत दिली. "देऊन टाक ग ते नाव. मला उलट बरं वाटेल."

"तुला राग येत नाही?"

"येतो. येतो आणि जातो. तुझ्याकडे तो राहायलाच येतो." तो हरभऱ्यातला एक खडा काढून बाजूला ठेवत म्हणाला. मग परात हलवून दाणे सारखे केले. "माझ्यासाठी भांडू नकोस, गौरे. खरंच नको. पण ते पोर... त्याचे गाल ओढतील ग."

एवढंच म्हणाला आणि हरभरे निवडत बसला. मी मेट्रोत बसून घरी येईपर्यंत दात आवळून होते. दुसऱ्यांना मी सांगत असते, दात आवळू नका, झिजतात.

बारशाच्या दिवशी सकाळपासून घर भरलं. आर्याचे आईवडील नागपूरहून आले होते आणि परक्या घरी बसावं तसे खुर्चीच्या टोकावर बसले होते. शास्त्र्यांच्या फोटोला मोगऱ्याचा जाड हार घातला होता आणि पाळणा मुद्दाम फोटोखाली टांगला होता. यशोवर्धनकाकांनी तिवईवर कॅमेरा लावला. त्यात पाळणा येतो की नाही यापेक्षा फोटो येतो की नाही हे त्यांनी तीनतीनदा बघितलं.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "काका, दादा जिवंत आहे. तुम्ही तरी अण्णांना सांगा. तुमच्या पुण्यात जिवंत माणसाचं नाव ठेवतात का?"

काका गोड हसले. "गौरी, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. मला शिकवतेस? अगं, नाव माणसाचं नसतं, घराण्याचं असतं. एकाला नाही पेललं तर दुसऱ्याला द्यायचं."

"आजही खाल घुगऱ्या," मी म्हटलं. "एकाला नाव नाही पेललं, त्याने केल्यात. पेलतायत का बघा."

खालून हरभऱ्याच्या फोडणीचा वास जिन्यातून वर येत होता. दादा सकाळपासून खाली होता. पाहुणे त्याच्या शेजारून वर आले, काहींनी त्याला पाण्याची बाटली मागितली. अण्णा एकदा खिडकीशी गेले, खाली बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

मुहूर्त झाला. बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि बाळाला पाळण्याखालून वरून या हातातून त्या हातात देऊ लागल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. बाळ शहाण्यासारखं गप्प होतं. मग त्याला पाळण्यात निजवलं आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

"मोठ्याने सांग ग," अण्णा म्हणाले. नवं धोतर, नवा सदरा, चेहऱ्यावर असा आनंद की मी कधी पाहिला नव्हता. "यशोचा व्हिडिओ चालू आहे."

मी पाळण्यावर वाकले. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. ही रीत आहे, आत्याने नाव सांगताना मार खायचा. मी त्याच्या इवल्याशा कानाशी कुर्रर्र केलं. त्याने डोळे उघडले. गाल एवढे गुबगुबीत की कुणालाही ओढावेसे वाटावेत. मी तोंड कानाला लावलं आणि सांगितलं. मग सरळ उभी राहिले.

"बाळाचं नाव निहार."

धपाटे थांबले. आर्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईने पटकन पाळण्याला झोका दिला.

"चुकलं तुझं," अण्णा शांतपणे म्हणाले. "परत सांग."

"चुकलं नाही. कानात गेलेलं नाव परत काढता येत नाही."

"वाटीवर काय कोरलंय?"

"तुमच्या मुलाचं नाव कोरलंय." माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "तो जिवंत आहे, अण्णा. खाली आपल्या सगळ्यांसाठी घुगऱ्या ढवळतोय. तुमचे आजोबा जिवंत होते म्हणून तुम्हाला ते नाव मिळालं नाही, याचं दुःख तुम्ही जन्मभर केलंत. मग माझ्या जिवंत भावाचं नाव कसं काढून घेता? त्याने असं केलं तरी काय? गणित चुकवलं. दरोडा नाही घातला."

"या घरात त्या नावाचं आता कुणी नाही," अण्णा म्हणाले.

हे ते आईसमोर म्हणाले. आई फोटोखाली हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. वाटी त्याच तबकात होती.

लग्नकार्यात भांडण झालं की एक माणूस ते हसण्यावारी न्यायला पुढे होतोच. यशोवर्धनकाका पुढे झाले. कॅमेरा तसाच चालू ठेवून ते पाळण्याकडे गेले. "असू दे, असू दे. निहार तर निहार. रक्त तर शास्त्र्यांचंच आहे." आणि वाकून त्यांनी दोन बोटांनी बाळाचा गाल धरला. "काय निहारशास्त्री, अठ्ठावीस गुणिले सत्तेचाळीस किती?"

लोक सुटल्यासारखे हसले. बाळाने तोंड वाकडं केलं. काकांचा हात झटकायला मी पुढे झाले, तेवढ्यात माझी नजर अण्णांकडे गेली.

अण्णा हसत नव्हते. हात धोतराच्या सोग्याशी आखडले होते आणि ओठ हलत होते. मी अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "सात आठे छप्पन्न, हातचे पाच... सात दुणे चौदा आणि पाच..." ते थांबले. फोटोकडे बघितलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "सात आठे छप्पन्न, हातचे पाच..." त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पंचाहत्तरीला आलेला माणूस, भर बारशात, कुणी उत्तर मागायच्या आत उत्तर तयार ठेवायला धडपडत होता, आणि ते त्याला येत नव्हतं.

मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. या माणसाला ते नाव मिळालं नव्हतं, पण पट्टी मिळाली होती. आणि तरी त्याने तीच पट्टी माझ्या भावावर चालवली. म्हणून माझा राग गेला नाही. अजूनही गेलेला नाही. उलट दुप्पट आला, फक्त आता तो कुणावर काढायचा ते मला कळेना.

आईने मात्र ते ओठ पाहिले होते. तबक खाली ठेवून ती पाळण्याशी गेली आणि काकांची दोन बोटं बाळाच्या गालावरून काढली, जशी पानावरची माशी काढावी. "भावजी, तो कॅमेरा बंद करा," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीइतकाच होता. "आणि या घरात यापुढे कुणी कुणाला गणित विचारायचं नाही."

काकांनी कॅमेरा बंद केला. आईने तबकातून वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली. "ज्याची आहे त्याला दे."

मी जिना उतरले. दादा पातेल्यापाशी उभा होता. झाकण त्याच्या हातात होतं आणि वाफ वाया चालली होती, म्हणजे त्याने सगळं ऐकलं होतं. मी वाटी पुढे केली.

"आईने पाठवलीय. तुझी आहे."

त्याने नावावरून अंगठा फिरवला. मग नळाखाली वाटी विसळली, फडक्याने पुसली आणि तिच्यात घुगऱ्या घातल्या. वर ओला नारळ, थोडी कोथिंबीर. चव बघायला एक दाणा तोंडात टाकला आणि वाटी माझ्याकडे धरली.

"अण्णांना नेऊन दे. मुहूर्तापर्यंत काही खाल्लं नसेल त्यांनी."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. एवढं झाल्यावरही हा वाढतोच आहे. "मी नाही नेणार," मी म्हटलं. "वाटीवर तुझं नाव आहे. तू ने."

"ते घेणार नाहीत ग."

"नाही घेतली तर परत आण. पण तू ने."

वरून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आर्याचा. ती त्याला निहार, निहार म्हणत गप्प करत होती. दादाने कमरेचा पंचा सोडून खुर्चीवर टाकला. मग पायरीशी चपला काढल्या आणि वाटी दोन्ही हातांत धरून तो जिना चढू लागला.